चंपाषष्ठीनंतरचं रक्त

पाटणकर बाजारामागच्या कान्होजी शितोळ्यांच्या घरात सकाळीच गर्दी उसळली होती. देवघरासमोरच्या छतातून रक्त ठिबकत होतं! पौषातली कोरडी थंडी, आभाळात ढग नाही, वर पाण्याची टाकी नाही. तरी रोज अंघोळी उरकल्या की फरशीवर लाल थेंब पडायचे.

"ठंड में छत को पसीना नहीं आता, भाइयो! घर में डायन हो, तो खून आता है!" मांत्रिक लोटनबाबा गरजला. या सर्वज्ञाने मान वर करून छताकडे मात्र एकदाही पाहिलं नव्हतं.

डायन, म्हणजे चेटकीण, ठरली होती नवी सून सीमंतिनी. ती आली आणि थेंब सुरू झाले, एवढा पुरावा गर्दीला पुरला. बाबाने लोखंडी चिमटा हाणून तिचं कपाळ फोडलं होतं. सासू कुमुदिनीबाईंनी आधी तिचे केस ओढले, मग देवासमोर मेली तर पाप नको म्हणून जखमेवर मूठभर हळद दाबली. नवरा युवराज तिचे हात पिरगाळून उभा होता. चिमटा आता शेगडीत तापत होता. तो तिच्या जिभेवर ठेवायचा होता.

मी शेजारची डॉक्टर. किंकाळी ऐकून दार ढकलून आत शिरले.

"डॉक्टरसाहेब, हा आमच्या घरचा मामला आहे," कान्होजी आडवे आले.

"तिचं डोकं फुटलंय, आता मामला माझा!" युवराजला ढकलून मी साबणाच्या पाण्याने जखम धुवायला घेतली. तिच्या पदराच्या टोकावर रक्त नव्हतं, नुसती हळद सांडली होती. साबण लागताच ती हळद लालभडक झाली. मी वर पाहिलं.

"छताला चुना कधी दिला?"

"लग्नात," कान्होजी म्हणाले.

"आणि चंपाषष्ठीला भंडारा?"

"उधळला की, एकदम छतापर्यंत!"

मी देवघरातला भंडारा वाटीत घेतला, कान्होजींच्या पानाच्या डब्यातला चुना घातला आणि वर पाणी ओतलं. वाटीत तेच रक्त!

"बोला बाबा, वाटीत कोणती डायन शिरली?"

बाबा दाराकडे सरकू लागला.

"पण पाणी आलं कुठून?" युवराजने विचारलं. मी त्यालाच शिडीवरून माळ्यावर चढवलं.

"पत्रे आतून ओलेचिंब आहेत! टपाटपा गळतंय!"

नव्या सुनेसाठी गिझरचं न्हाणीघर बांधलं होतं. रंगवलेली भिंत फोडायला नको म्हणून तिथली वाफ जायचा पाइप माळ्यावरच सोडला आणि थंडी येते म्हणून झरोक्यांत जुन्या रजया कोंबल्या. कोंडलेल्या वाफेचं गार पत्र्याला लागून पाणी होत होतं आणि ते छताच्या फळ्यांच्या फटींतून चुन्या-हळदीवर झिरपत होतं.

गर्दी आता बाबावर तुटून पडली. त्याचा दात पडला. कुणीतरी तापलेला चिमटा उचलला.

"ठेवा तो खाली!" सीमंतिनी ओरडली. "मलाही असंच मारलंत. पोलिसांना बोलवा."

पोलिस आले, जबाब झाले आणि मी सीमंतिनीला माझ्याकडे घेऊन आले. शितोळ्यांनी पाइप बाहेर काढला, झरोके उघडले, फटी बुजवल्या. छत कोरडं झालं. मग युवराज माझ्या दारात आला.

"चल घरी. थेंब बंद झाले."

"थेंब वाफेचे होते," सीमंतिनी म्हणाली. "माझे हात कुणी धरले होते?"

तो आल्या पावली परत गेला. मंडळी, थंडीत छत ओलं दिसलं तर शिडी लावा, वर जाऊन बघा, वाफेला वाट करून द्या. माणसावर हात टाकण्याआधी एवढं तरी करा. सीमंतिनी अजून माझ्याकडेच राहते. कपाळावरचा व्रण काही जाणार नाही.