भिंतीला अडलेली दांडी

वाफेला दार एकच. व्हॉल्व्हच्या पोटात एक गुळगुळीत गोळा, गोळ्याला आरपार भोक, आणि वर फिरवायला दांडी. दांडी नळासोबत असली की वाट मोकळी, नळाला आडवी गेली की बंद. कापड रंगवायच्या कारखान्यात हे शेंबडं पोरही सांगेल.

पण मोठ्या टाकीत वाफ सोडणारा नळ भिंतीला खेटून होता. बंद करताना दांडी भिंतीवर आपटे आणि वाफ बोटभर वाटेने गळत राही. फिटर थोरल्याने भिंत फोडायचा कंटाळा केला. दांडीच काढली आणि पाव फेरा फिरवून उलटी बसवली. आता या एकाच व्हॉल्व्हचं सगळं विपरीत: नळासोबत म्हणजे बंद. थोरल्याला ठाऊक, त्याच्या धाकट्या भावाला ठाऊक. बाकी एक देव जाणे.

मुकादम होता त्यांचा सख्खा मामा. दोन महिने गुडघा घेऊन घरी पडलेला, त्या सकाळी कामावर आला. धाकटा टाकीत उतरून तळ खरवडत होता. आड येते म्हणून शिडी वर काढलेली.

"मामा, तुमच्याविना कारखाना सुना होता बघा," टाकीपाशी उभा थोरला म्हणाला.

"सुना की सुखात?" मामा हसला, आणि त्याची नजर दांडीवर गेली. हसू जागीच विझलं. "अरे मेल्या! भाऊ आत आणि वाफ उघडी?"

"मामा, नको—"

मामाने दांडी खाडकन आडवी केली.

आधी नळाने टाकीच्या तळाशी उकळतं पाणी थुंकलं. मग वाफ. धाकट्याची किंकाळी लोखंडात घुमली.

थोरला दांडीवर झेपावला. मामाला वाटलं, पोरगा घाबरून वेडा झाला, वाफ आणखी उघडतोय. त्याने थोरल्याचं डोकं धरून नळावर आपटलं. दोन दात फरशीवर उडाले.

"उलटी आहे!" थोरला ओरडला. तोंडात रक्त भरलेलं, शब्द कसला फुटतोय? मामाने दोन्ही पंजांनी दांडी आवळली. "मारशील त्याला, चांडाळा!"

एकाच जिवासाठी दोघं, आणि दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले. थोरल्याने मामाच्या मनगटाचा चावा घेतला. सुटेना. आत धाकटा "दादा! दादा!" करत भिंतीवर नखं ओढत होता. थोरल्याने पाना उचलला. या हाताने लहानपणी आपल्याला घास भरवलाय, हे त्याला त्या क्षणीही आठवलं. तरी त्याने त्याच बोटांवर पाना हाणला. एकदा. दोनदा. हाडं काटकीसारखी मोडली. दांडी नळासोबत फिरली आणि वाफ थांबली.

मामा मोडका हात छातीशी धरून बघत राहिला.

शिडी आत सोडून थोरला टाकीत उतरला. धाकट्याच्या गुडघ्यांखालची कातडी विजारीबरोबर सोलून आली. पण श्वास होता. देवाने तेवढा ठेवला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, चालेल, लंगडेल पण चालेल. इस्पितळातून थोरला थेट कारखान्यात आला आणि घण घेऊन भिंतीसमोर उभा राहिला. मागोमाग मामा आला. एक हात गळ्यात. दुसऱ्या हाताने त्याने छिन्नी भिंतीला लावली.

"मामा, बोटं सांभाळा," थोरला बोबड्या तोंडाने म्हणाला.

"एकाच हाताची राहिलीत, तेवढी जप. आणि आता मार."