लोखंडाला अस्तर

माझ्या दाजींचा डावा गुडघा डॉक्टरांनी इतका पक्का बसवला की तो पुन्हा वाकायला तयार होईना. शिडीवरून पडण्याचं निमित्त झालं होतं. "पाय आता एकदम सरळ झालाय," असं डॉक्टर अभिमानाने म्हणाले आणि त्यात काही खोटं नव्हतं. बसताना, झोपताना, जिना चढताना तो सरळच राहायचा. आमच्या घराण्यात इतकं सरळ वागणारं दुसरं कोणी नाही.

दाजी मधमाश्या पाळतात. खालच्या शेतांमधली फुलं संपत आली की पेट्या टेकडीवरच्या उतारावर न्यायच्या, कारण तिथलं रान तेव्हा नुकतं फुलायला लागलेलं असतं. वर जायला पायवाट आहे, पण ती वाट म्हणजे खडकांनी आपापसात केलेली तडजोड. इतकी वर्षं दाजी एकेक पेटी पाठीवर बांधून न्यायचे. आता ते होणार नव्हतं. पेटी दुसऱ्याच्या पाठीवर द्यायला दाजी तयार होते, पण आत हजारो माश्या गुणगुणत असताना पाठ द्यायला कोणी तयार नव्हतं. मीही नाही. मला कंबर आहे.

मग एका संध्याकाळी शेजारचे बागवाले आले. त्यांना फळझाडांसाठी माश्या हव्याच होत्या. दाजींनी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि म्हणाले, "वरचं रान फुलेपर्यंत मी पेट्या घेऊन वर पोचलो नाही, तर सगळ्या तुम्ही घेऊन जा. उपाशी मरण्यापेक्षा तुमच्याकडे बऱ्या."

पुढच्या खोलीत आक्काचं शिवणयंत्र थांबलं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. कोट शिवण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नाही. तिचं यंत्र मध्येच थांबलं, की आम्ही भावंडं लहानपणापासून सावध होतो. बागवाले गेल्यावर ती बाहेर आली, गळ्यातला टेप काढून दाजींच्या पायाची लांबी मोजली आणि परत आत गेली.

त्या आठवड्यात दारात रेडा आला.

रेडा हे नाव दाजींनी दिलं. ती होती चार जाडजूड चाकांची, खडकांवर चढणारी मोटारसायकल; बंद पडलेल्या एका दगडाच्या खाणीतून आक्काने आणलेली. रंग उडालेला, दिवा फुटलेला, आवाज असा की दोन गल्ल्यांपलीकडे कुणाची तरी वामकुक्षी मोडावी. दाजींनी तिच्याभोवती एक लंगडी प्रदक्षिणा घातली.

"अगं, याचा गिअर डाव्या पायाने टाकायचा असतो."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय, तुम्ही चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी ती मला हमाल म्हणून घेऊन कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे गेली. वेल्डर मितभाषी माणूस. तो वाद घालत नाही, फक्त चष्मा कपाळावर चढवतो.

"काकू, गिअर पायानेच टाकतात," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"कंपनी."

"कंपनीचा गुडघा वाकतो," आक्का म्हणाली आणि पिशवीतून कापड कापायची एक म्हातारी कात्री काढली. पाती तुटलेली, पण मूठ शाबूत. वेल्डरने गिअरच्या पट्टीला लोखंडी दांडी जोडली, ती वर हँडलपर्यंत आणली आणि टोकाला कात्रीची मूठ बसवली. अंगठा एका भोकात, बोटं दुसऱ्यात, आणि गिअर हाताने. दाजींनी अंगणात पहिल्यांदा गिअर बदलला तेव्हा माणूस इतका गंभीर झाला की मला वाटलं, आता भाषण करतील. केलं नाही. फक्त आणखी एकदा बदलला. मग आणखी एकदा.

त्यानंतर आक्का सुटलीच. सरळ पाय टेकवायला, पायाने चालवायच्या जुन्या शिवणयंत्राचा पायटा डाव्या बाजूला आला. काठी ठेवायला रेक्झिनचं म्यान झालं. माश्यांना शांत करायला जे धुराडं लागतं, त्याला सीटशेजारी कप्पा मिळाला, आत पत्रा, बाहेर जाड कॅनव्हास, म्हणजे मांडी भाजायला नको. फुटक्या दिव्यावर अॅल्युमिनियमच्या पातेल्याचं झाकण छज्ज्यासारखं बसलं. मी आयुष्यभर लोकांच्या उद्योगांना हसून पोट भरलं आहे. इथे हसायला जागा शोधत अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो आणि जागा काही सापडेना. प्रत्येक वस्तू जिथे हात जायचा तिथेच होती.

राहिली होती मुख्य गोष्ट. मागे दोन पेट्या बसतील असा पिंजरा.

आक्काने पेटीचं माप घेतलं. तपकिरी कागदावर कोटाचा करावा तसा आकार आखला, कापला, वेल्डरला दिला. वेल्डरने कागदाबरहुकूम सळ्या कापून जोडल्या. आणि पेटी आत ठेवल्यावर ती खडखडली. चारही बाजूंनी दोन-दोन बोटं जागा.

वेल्डरने चष्मा कपाळावर चढवला. "काकू, कागद तुमचाच आहे."

आक्काने कागद पाहिला आणि तिचा चेहरा पडला. इतकी वर्षं कोट शिवणारी बाई. गिऱ्हाईक आज बारीक असलं तरी पुढच्या वर्षी जाड होणार, म्हणून ती शिवणीत जास्तीचं कापड सोडतेच सोडते. हात आपोआप सोडतो. तिने लाकडी पेटीलाही जाड व्हायला जागा ठेवली होती.

"पेटी काही लग्नानंतर सुटत नाही, आक्का," मी म्हणालो.

"तू गप्प बस."

दाजी खिडकीतून म्हणाले, "असू दे गं. हिसके बसले की आतलं पोळं तुटतं, मध सांडतो, त्यात राणी बुडते. सैल पिंजऱ्यातून नेण्यापेक्षा बागवाल्यांना देऊ." ते असं सहज म्हणाले, जसं कोणी 'उद्या दूध जास्त घे' म्हणतं. सहज बोलत असले की दाजींना फार लागलेलं असतं, हे आक्काला माहीत होतं आणि मलाही.

"हे उसवता येईल का?" आक्काने वेल्डरला विचारलं.

"लोखंड उसवत नाहीत, काकू. कापतात. पण माझं कापायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, पुढच्या आठवड्यात येईल."

टेकडीवर पिवळं दिसायला लागलं होतं. पुढचा आठवडा कुणाकडेच नव्हता. आक्का पिंजऱ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने त्या रिकाम्या जागेत दोन बोटं घातली, आत-बाहेर फिरवली, आणि कपड्याचा पोत बघतात तसं तोंड केलं.

"कापायचं नाही," ती म्हणाली. "लोखंडाला अस्तर लावते."

दोन दिवस पुढच्या खोलीत कुणाला प्रवेश नव्हता. यंत्र अखंड चालू. तिसऱ्या दिवशी तिने जे बाहेर आणलं, त्याला काय म्हणावं मला अजून कळलेलं नाही. बाहेरून कॅनव्हास, आत फोम, मधे जुन्या कोटांच्या खांद्यांतल्या गाद्या, आणि सगळं तिरक्या टाक्यांनी एकजीव केलेलं. पेट्यांचे कोट होते ते. हवा जायला वरती जाळीच्या खिडक्या. कोपऱ्यांवर पट्टे, म्हणजे पेटी पिंजऱ्यात ठेवलेली नाही, टांगलेली. तिला सगळीकडे किंचित डोलायला जागा, आणि कुठेही आपटायला जागा नाही. पिंजरा बरोबर मापाचा झाला असता तर हे अस्तर आत मावलंच नसतं.

पण आक्का ट्रायल घेतल्याशिवाय कोट देत नाही. रिकाम्या पेटीत तिने अंडी मांडली आणि दाजींना खाणीच्या रस्त्यावरून फेरी मारायला लावली. आधी अस्तराशिवाय. त्या दिवशी आम्ही तिघांनी आणि वेल्डरने आम्लेट खाल्लं. मग अस्तर लावून. दाजी परत आले, झाकण उघडलं, एकच अंडं फुटलेलं.

"हे ठेवताना माझ्याच हातून फुटलं," आक्का म्हणाली. "ते धरायचं नाही." आणि सगळ्यांकडे असं बघितलं की कुणी धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर दाजींनी पेट्यांची दारं जाळीने बंद केली. उजाडताच रेडा निघाला. दाजी वर बसलेले, डावा पाय पायट्यावर काठीसारखा पुढे, उजवा हात हँडलवर, डावा कात्रीच्या मुठीत. आक्का आणि मी मागून चालत. मधल्या चढावर एक मोठा खडक आहे. तिथे रेडा एका कुशीवर कलला, इतका की मला मागचं चाक हवेत दिसलं. आक्काने माझं मनगट धरलं. पेट्या कोटांत डोलल्या, एका बाजूला झुकल्या आणि बाळ पाळण्यात कूस बदलतं तशा परत सरळ झाल्या. दाजींनी मूठ दाबली, खालचा गिअर पडला, रेडा हुंकारला आणि खडकावरून उतरला. मनगट मात्र आक्काने वर पोचेपर्यंत सोडलं नाही. त्या हाताने मी आठवडाभर जेवलो नाही.

वर सगळा उतार पिवळा. दाजी स्वतः उतरले, काठी म्यानातून काढली, धुराड्याचा हलका धूर दिला आणि जाळी काढली. काही झालं नाही. नंतर एक माशी दारात आली, उंबऱ्यावर थांबली, जणू 'पत्ता बदललेला दिसतोय' असा विचार केला, आणि उडाली. मग दुसरी. मग मोजायची सोयच राहिली नाही. दाजींनी झाकण उघडून एक चौकट हळूच वर उचलली. पोळं अखंड. मधाचा एक थेंबसुद्धा खाली ओघळलेला नव्हता. राणी कुठे आहे ते त्यांना दिसलं. मला नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसली.

बागवाले धापा टाकत वर आले तेव्हा दाजी सीटवर बसून माश्यांची ये-जा बघत होते. बागवाल्यांनी आधी पेट्यांकडे पाहिलं, मग त्यांच्या रिकाम्या कोटांकडे, मग कात्रीच्या मुठीकडे.

"मी पोचलोय," दाजी म्हणाले.

"दिसतंय," बागवाले म्हणाले, आणि खालमानेने एका पट्ट्याचं काज बोटाने तपासत राहिले. मग हळूच विचारलं, "दोन पेट्या तरी? आमच्या फुलांपुरत्या?"

"फुलं आली की सांगा. घेऊन येतो," दाजी म्हणाले. घेऊन येतो, असं म्हणाले. शिडीवरून पडल्यापासून दाजींच्या तोंडून हे शब्द मी ऐकले नव्हते.

आक्काचं लक्ष नव्हतं. ती रेड्यामागे गवतात बसली होती. एका कोटाचा खालचा कोपरा तिच्या मते किंचित ओढला गेला होता. चिमटीने शिवण धरून, ओठांत टाचण्यांची रांग लावून ती तो पुन्हा बेतत होती. खाली अजून पेट्या होत्या, फेऱ्या होत्या.

दाजी काठी टेकत तिच्याजवळ गेले. त्यांनी ते टाके वाकून बघायचा प्रयत्न केला, वाकता येईना, म्हणून उभ्याउभ्याच बघितले. बराच वेळ. ते तिच्या शिवणकामाला आजवर फार तर 'बरं आहे' म्हणाले असतील.

"अगं," ते म्हणाले, "असं काम मी कुठे पाहिलं नाही."

आक्काने वर पाहिलं. तोंडात टाचण्या असल्यामुळे तिला काही बोलता आलं नाही, आणि मला खात्री आहे, दाजींनी वेळ नीट बघूनच निवडली होती.