मोठा टाका

मशीनचं चाक हाताने थांबवून तिने पिशवीतून पत्र काढलं आणि तरातरा मुकादमाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. शिवणखात्यातल्या चाळीस बायकांच्या माना तिच्यामागे वळल्या.

"ऐका," ती म्हणाली, आणि समुद्रापारच्या आघाडीवरून आलेलं नवऱ्याचं पत्र मोठ्याने वाचू लागली. "'नवा कोट पहिल्याच आठवड्यात खांद्यावर उसवला. आत बर्फ जातो. सुतळीने बांधून पहारा करतो. जिने शिवला तिचे हात झडोत. कोटाची पट्टी पाठवतोय, तिथे कुणाला तरी जाब विचार.'"

मुकादम पेन्सिलीला टोक काढत होता.

"लढाईत कपडे फाटायचेच, बाई."

"कापड धड आहे. शिवण उसवलीय. टाका मोठा करा, कोट जास्त निघतील, असं कोण म्हणालं होतं?"

"कोट काय आपण एकटेच शिवतो? दुसऱ्या कारखान्याचा असेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे माणसं थंडीने काकडताहेत आणि हा निगरगट्ट इथे बसून हात झटकतोय! तिने पाकिटातली कापडी पट्टी काढून टेबलावर आपटली. पट्टीवर याच कारखान्याचा शिक्का होता आणि खाली मशीनचा नंबर, सतरा.

मुकादमाचा चेहरा एकदम खुलला.

"सतरा? हे तर तुमचंच मशीन! मग जाब कोणाला विचारताय?"

मागे कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

"माझंच आहे. पत्र उघडलं तेव्हाच कळलं मला," ती म्हणाली. "तक्रार लिहा. पहिलं नाव माझं घाला. टाका मोठा करायला लावणाऱ्याचं त्याच्याखाली."

मुकादमाने पेन्सिल कागदाला लावली नाही. ती जागेवर परतली आणि मशीनचा टाका बारीक करून घेतला.

"अशाने आज कोट कमी भरतील!" तो ओरडला.

"भरू देत."

जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तिने उत्तर लिहायला घेतलं. आपण कारखान्यात जातो हे तिने त्याला आजवर कळवलं नव्हतं. उगाच जिवाला घोर लावून घेईल म्हणून. खुशालीच्या चार ओळी तिने नेहमीसारख्या लिहिल्या. मग जरा थांबून पाचवी लिहिली.

'अहो, तो कोट मी शिवला होता.'

ती ओळ तिने दोनदा वाचली. खोडली नाही.