खाटेखालचा फ्रेंच शब्दकोश

मी एक जुना फ्रेंच–मराठी शब्दकोश आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगतो, माझा स्वभाव चांगला नाही. बारा वर्षं खाटेच्या आखूड पायाखाली काढा, मग तुमचाही बघू!

लातूरच्या रद्दीवाल्याकडून मला महामायानं आणलं. मुखेडच्या व्यंकटी आणि सरजाबाईची ही लेक. माझी पानं चुरगाळून ती फ्रेंच शिकली आणि थेट फ्रान्सला गेली. आता फ्रेंचमध्ये गुन्हेगारी कादंबऱ्या लिहिते. नऊ झाल्या. दुकानांत थप्प्या लागतात म्हणे. प्रत्येक पुस्तक आईला पाठवते. ती पुस्तकं कपाटात आणि मी जमिनीवर!

सरजाबाईला त्यातलं अक्षर कळत नाही. तिला एकच हवं होतं, नवऱ्याच्या नावावरचा डाग जावा. व्यंकटी कसत होता ते गायरान शेषेराव पाटलाला पाहिजे होतं. वीस वर्षांपूर्वी शेषेरावाची सोयाबीनची गंजी जळाली, तेव्हा त्यानं व्यंकटीचं नाव घेतलं. गावानं माना डोलावल्या. व्यंकटी तुरुंगात जाऊन आला आणि 'गंजी जाळणारा' म्हणूनच मेला.

नवव्या कादंबरीत मुखेडची आग आहे, असं पेपरात छापून आलं. झालं! शेषेराव अर्धी गल्ली घेऊन सरजाबाईच्या अंगणात आला. सोबत लातूरला फ्रेंच शिकणारी नात, ऋतुजा. तिच्या हातात ती कादंबरी.

"सरजे, तुझी पोरगी माझी बदनामी करून राहिली. चारचौघांत वाचून दाखवतो. मग लाव तिला फोनवर माफी मागायला."

ऋतुजा अडखळत वाचू लागली. कादंबरीतला जमीनदार स्वतःचीच गंजी पेटवायचं ठरवतो आणि आळ दुसऱ्यावर घालतो.

"ऐकलं का? सगळं खोटं हाय!" शेषेराव ओरडला.

पुढं एका शब्दावर ऋतुजाचं अडलं. "आजी, शब्दकोश हाय का?"

सरजाबाईनं खाट उचलून मला ओढलं. धूळ उडाली ती शेषेरावाच्या नाकात गेली. बरं झालं!

"भ्याड," माझ्या पानावर बोट ठेवून ऋतुजा म्हणाली. "आबा, असं लिहिलंय की हा भ्याड माणूस गोधडीत दडून बसला, अन् काडी गड्याला ओढायला लावली."

शेषेराव लालबुंद झाला. "कोन भ्याड? म्या दडलो न्हाई! काडी म्या ओढली, ह्याच हातानं!"

ऋतुजानं पुस्तक मिटलं.

जन्मभर त्याला 'पाटील' म्हणणारी सरजाबाई उठली. "शेषेराव, पुन्ना म्हन. माझ्या मान्साच्या फोटूकडं बघून म्हन."

तो जायला निघाला, तर त्याच्याच माणसांनी वाट दिली नाही.

त्या संध्याकाळी महामायाचा फोन आला. "आई, त्याला पापी म्हटलेलं चालतं, भ्याड म्हटलेलं चालत नाही. म्हणून तर तो शब्द घातला." हुशार कार्टी! पण तो शब्द शिकली कुठं? माझ्यातच ना!

मित्रांनो, पुस्तकं जपा असं मी काकुळतीनं सांगणार नाही, माझा राग अजून गेलेला नाही. पण एखादं पुस्तक पायाखाली घालण्याआधी निदान उघडून तरी बघा.

मी आता व्यंकटीच्या फोटोशेजारी असतो. खाट डुगडुगते. शेजारीण म्हणाली, दुसरं काहीतरी लाव की खाली. सरजाबाई म्हणाली, "डुगडुगू दे. आता झोप लागून राहिली मला."