पाठीवरची परीक्षा

पुजाऱ्यांनी देवाची बाजरी पेरली, बंदी पुकारली आणि आमचं गाव गप्प झालं. महिनाभर ढोल नाही, टाळी नाही, घरात मयत झालं तरी मोठ्यानं रडायचं नाही. देवाला शांतता लागते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी याच गावात जन्मले. माझं म्हणणं आहे ते आमच्या मुख्याध्यापकांबद्दल. ते पडले किनाऱ्यापासून लांब, आतल्या मुलखातले, त्यांना आमच्या बंदीचं काय! त्यांनी नेमकी याच आठवड्यात ढोलाची परीक्षा लावली. मी समजवायला गेले तर म्हणाले, शुक्रवारपर्यंत गुण जिल्ह्याला गेले नाहीत तर तुमचा संगीताचा तास गणिताला देऊन टाकतो. गणिताचे मास्तर तर टपूनच बसले होते.

इकडे आड, तिकडे विहीर. वाजवावं तर बंदीची माणसं ढोल उचलून नेणार, आणि नेलेला ढोल परत आलेला मी तरी पाहिला नाही. ढोल गेले की तास गेला. दोन रात्री मला जेवण गेलं नाही. नवऱ्यानं आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आमचं केंके, आणि तळलेली मासळी समोर ठेवली, तीही तशीच राहिली.

शेवटी मी ढोल कपाटात कोंडले, वर्गाकडे पाठ करून स्टुलावर बसले आणि सांगितलं, एकेकानं यायचं आणि माझ्या पाठीवर बोटांनी पान्लोगो नाचाचा ठेका धरायचा. आवाज आला तर गाठ माझ्याशी आहे. आजवर सगळा वर्ग मिळून वाजवायचा. एकेकट्यानं वाजवायची ही पहिलीच वेळ होती.

लार्टेईनं सुरुवात केली. पोराचा हात असा की पाठ नाचायला उठेल. मी शाबास म्हटलं, पण कौतुक पचलं तर ना! जागेवर गेला आणि रंगात येऊन बाकावरच ठेका हाणला. चांगला खणखणीत. मी वळून पाहिलं तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. भिंतीपलीकडून चाललेली पावलं थांबली. मला ती थांबलेली ऐकू आली.

मी पुटपुटले, पुढचा. थांबलो तर संशय येईल असं मला वाटलं. ओडार्कोर मागं येऊन उभी राहिली. मासे धुरावर सुकवणाऱ्या बाईची लेक, वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल. तिची बोटं पाठीला टेकली आणि त्यात ठेका नव्हताच. कोंबडीनं दिसेल तिथं चोच मारावी तशी ती इथं तिथं पडत होती. आधी म्हटलं, घाबरली असेल. मग कळलं, हिला काहीच येत नाही.

तेवढ्यात दार उघडलं. बंदीवर नजर ठेवणारे म्हातारे आशितेई, ज्यांना सगळं गाव अटा, म्हणजे बाबा, म्हणतं, आणि मागं दोन दांडगे गडी, डोक्याला लाल फडकी बांधलेले. अटांची हयात ढोलावर गेलेली, त्यांना फसवायची कुणाची छाती नव्हती.

"कोण वाजवत होतं?"

मी म्हटलं, ढोल कुलपात आहेत अटा, तो बाकाचा आवाज होता. एक गडी हसला आणि म्हणाला, बाक पान्लोगो वाजवायला लागला वाटतं. मी पाठीवरच्या परीक्षेची सगळी हकीकत सांगितली. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटत होतं. कपाटाची किल्ली मी मुठीत धरून ठेवली होती.

अटांनी ओडार्कोरकडे बोट केलं. तिचे हात अजून हवेतच होते.

"पाठीवर परीक्षा घेता ना? मग हिनं माझ्या पाठीवर वाजवून दाखवावं. ठेका निघाला तर तुमचं खरं. नाही तर ढोल माझे."

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला घ्या, लार्टेईला घ्या. ते म्हणाले, हीच. म्हातारा स्टुलावर पाठ करून बसला. पोरीनं हात ठेवले. तिचे डोळे माझ्यावर होते, आणि मला डोळ्यांनीसुद्धा काही सांगता येत नव्हतं. ती वाजवत राहिली, नव्हे, चाचपडत राहिली. गडी कपाटाकडे सरकले.

अटा उठले, त्यांनी अंगावरचं वस्त्र नीट केलं.

"चला रे. राहू देत ढोल. जिथल्या पोरीला एवढंही येत नाही, तिथं ढोल वाजतच नाहीत."

पावलं पार लांब जाईपर्यंत कुणी हललं नाही. ढोल वाचले होते, आणि मला पोरांकडे पाहवत नव्हतं. ओडार्कोर तिथंच उभी होती. तिनं हळूच विचारलं, मॅडम, मी नापास ना?

 मी तिला स्टुलावर बसवलं, तिच्या मागं उभी राहिले आणि तिच्या पाठीवर ठेका धरला. अगदी सावकाश, पुन्हा पुन्हा तोच. मग ती मान न वळवता म्हणाली,

"हे असं असतं होय, मॅडम? मला तर सगळ्यांत नुसता गलका ऐकू यायचा."

गेल्या सत्रात मी तिला वीसपैकी अठरा गुण दिले होते.