फायबरच्या वाघाची डरकाळी

मी वाघ बोलतोय. घाबरू नका. लोखंडी सळ्या, फायबर, रंग आणि छातीत बसवलेला एक स्पीकर, एवढाच माझा ऐवज. चंद्रपूरच्या बाहेर सिनेमाची नगरी उभारली आहे. तिकीट काढून आत शिरायचं आणि दिवसभर पडद्यावरच्या जगात भटकायचं. तिथल्या जंगलात मी राहतो. जंगलही माझ्यासारखंच आहे. पानं प्लास्टिकची, धबधबा नळाचा आणि धुकं मशीनचं.

माझा जन्म वडसा गावचा. इकडच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांचे पडदे रंगवण्यात ज्याची हयात गेली, त्या मुखरू पेंटरनं मला घडवलं. राजवाडा, घाट, तुरुंग, चांदणी रात्र, सगळं त्याच्या हातचं. वाघ मात्र पहिलाच. लोकांनी त्याला जंगलात जाऊन खरा वाघ पाहून यायला सांगितलं. तो गेला नाही. म्हणाला, "खरा पाहून काय करू? लोकायले सिनेमातला पाह्यजे." म्हणून माझ्या मिशा जरा जास्तच लांब आहेत आणि डोळे अगदी नायकाचे. खोटं कशाला बोलू, मी देखणा आहे.

माझ्या वाट्याला संवाद मात्र एकच आला. कुणी समोर आलं की माझ्या छातीतला सेन्सर त्याला हेरतो आणि डरकाळी फुटते. बाया किंचाळतात. बाप्ये खो-खो हसतात आणि आपण दचकलोच नाही असं दाखवतात. माणसांना भीती आवडते, फक्त तिच्या गळ्यात हात टाकता आला पाहिजे. तसा हात टाकून सगळे माझ्याबरोबर फोटो काढतात आणि समोसे खायला निघून जातात.

हिवाळ्यात सकाळी कुंपणापलीकडच्या सागवानातून खरं धुकं आत येतं आणि मशीनच्या धुक्यात मिसळून जातं. कुठलं कोणतं ते मलाही कळत नाही. गाण्याच्या सेटवरून सूर तरंगत येतात, पदर उडवणारा मोठा पंखा घरघरत असतो, खोट्या बर्फाला साबणाचा वास येतो. अशा वेळी वाटतं, आपणही चार पावलं चालून यावं. एका तशाच सकाळी ते कुटुंब आलं.

चौघं होती, आरमोरीकडच्या खेड्यातली. प्रवीण, त्याची बायको रंजीता, त्यांची लहानगी चंचल आणि प्रवीणची आई गुणाबाई. एवढ्या गोंगाटात ही माणसं आपसात कुजबुजत होती. समोरच्या खोट्या पावसात भिजून चंचलनं आनंदानं आरोळी ठोकली, तर रंजीतानं लगेच तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल वं. आजीले भेव वाटते."

जंगलाच्या दाराशी करिश्मा असते. फोटो काढायचे आणि माझी मशीन सांभाळायची, हे तिचं काम. आत वाघ आहे हे कळल्यावर प्रवीणचा चेहराच उतरला. आई पावसाकडे बघत उभी आहे असं पाहून तो हलक्या आवाजात करिश्माला सांगू लागला.

"ताई, मागच्या चैतात माय मोहफुलं येचत होती. थो वाघ मांगून आला. खांद्यावर पंजा मारला. सोबतच्या बायायनं कल्ला केला, टोपल्या बडवल्या, म्हणून सोडून गेला. खांदा बरा झाला, पण माय तवापासून अंगणात बी नाई निंगत. आज कशीबशी आणली. जंगल नको म्हणून इथी आणली, अन् इथी बी हाच."

तो बरंच काही सांगत होता. घरात टीव्ही बंद केला होता. कुकर माळ्यावर गेला होता. चंचलचा खेळ शेजारच्या अंगणात हलवला होता. कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, म्हणजे माय दचकणार नाही.

मी ऐकत होतो आणि मला धास्ती वाटू लागली. हिच्यासमोर माझी डरकाळी फुटायला नको होती. पण छातीतला सेन्सर मला बंद करता येत नाही. करिश्मा बटणाकडे धावली, आणि तेवढ्यात, आत काय आहे हे ठाऊक नसलेली गुणाबाई धुक्यातून वाट काढत थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. खांद्यावर पदर घट्ट ओढलेला होता.

डरकाळी फुटली.

प्रवीण "माय, माय" करत धावला. रंजीतानं डोळे मिटून घेतले. गुणाबाई जागची हलली नाही. तिनं मला मिशांपासून शेपटीपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "असा नाई येत थो."

कुणालाच काही समजेना.

"थो आला तवा वाळलं पान नाई वाजलं. पाखरं चूप, बाया चूप, मी बी खाली मुंडी घालून फुलं येचून राह्यली होती." मग ती मुलाकडे वळली. "मले आवाजाचं भेव नाई, बाबू. सारं चूप झालं का भेव वाटते. घरात तुमी सारे चूप. मले वाटे, माया मांगंच उभा आहे थो."

"मंग सांगितलं काऊन नाई, माय?"

"तुमी मायासाठीच चूप राहत होते. कसं सांगू?"

प्रवीण तिथल्या प्लास्टिकच्या मुळावर मटकन बसला आणि रडू लागला. रंजीता पदरानं डोळे पुसत राहिली. चंचलनं आईचं बोट ओढलं.

"मंग मी बोलू?"

रंजीतानं मान डोलावली. आणि ती पोर जी सुरू झाली! शाळेतली भांडणं, बकरीचं पिल्लू, पडलेला दात, इतक्या महिन्यांचं सगळं तिनं तिथंच ओतलं. गुणाबाई ऐकत होती. मग करिश्माला म्हणाली, "पोरी, याले अजून एकडाव वरडव."

मी जीव तोडून डरकाळी फोडली. चंचल माझ्याबरोबर ओरडली, प्रवीण ओरडला आणि शेवटी गुणाबाईही. तिचा आवाज बारीक होता, चिरकलेला होता, पण माझ्यापेक्षा लांब गेला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा क्षण.

फाटकाकडे जाणारी वाट खऱ्या सागवानातून जाते. येताना गुणाबाई प्रवीणचा हात धरून आली होती. जाताना तिनं तो सोडला.

"चंचल, तू मांगून बोलत राय. मी पुढं चालतो."

मागे नातीची बडबड आणि पुढे ती एकटी, अशी ती धुक्यात दिसेनाशी झाली.

गेल्या पावसाळ्यात माझ्या स्पीकरमध्ये पाणी शिरलं. आता नुसती खरखर येते. मान हलवणारा नवा वाघ आला आणि मला कुंपणाजवळ, जुन्या सामानात आणून ठेवलं. रंग उडतो आहे, एक मिशी गळाली. इथे फार शांत असतं. मागे काय आहे ते बघायला मला मान वळवता येत नाही. गुणाबाई घरात कसल्या शांततेत बसली होती, ते मला आता कळतं.

येतो मी. तुमच्या पोरांना घेऊन या नगरीत कधी आलात आणि ती ओरडली, हसली, तोंडाची टकळी थांबवेनात, तर त्यांच्या तोंडावर हात ठेवू नका. तेवढ्या आवाजाच्या भरवशावर एखादं माणूस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतं.