मानाच्या बाकाचा पाय

दचकू नका, मी फासा बोलतोय. फासा म्हटलं की चांगल्या घरातली माणसं जरा अंग चोरतात, हे मला ठाऊक आहे. पण माझा जन्म जुगाराच्या अड्ड्यावर नाही, चर्चमध्ये झाला. तोही अगदी पुढच्या, अध्यक्षांसाठी राखून ठेवलेल्या मानाच्या बाकाखाली.

त्या बाकाचा एक पाय खालून किडला होता. म्हातारे सुतार आजोबा तो बदलायला आले. पायाचं वरचं लाकूड अजून ठणठणीत होतं. "वाया कशाला घालवायचं?" म्हणत त्यांनी त्यातून अंगठ्याच्या पेराएवढा मला कापला, घासून गुळगुळीत केला आणि आपल्या लेकीच्या हातावर ठेवला. ही लेक म्हणजे रविवारच्या शाळेच्या बाई. त्या मुलांना बायबलमधल्या गोष्टी शिकवायच्या. त्यांनी माझ्या सहा बाजूंवर ठिपके दिले नाहीत. कबुतर, तारा, कोकरू, भाकर, दिवा आणि मासा अशी चित्रं काढली.

खेळ सोपा होता. मला टाकायचं आणि वर जे चित्र येईल त्याची गोष्ट सांगायची. सांगता आली नाही तर मुकाट्याने रांगेच्या शेवटी जायचं. माझ्याआधी ही मुलं वचनं घडाघडा म्हणायची आणि दाराबाहेर पडेपर्यंत विसरायची. आता भाकर आली की पाच भाकरींत पाच हजार माणसं कशी जेवली, यावर त्यांची जुंपायची.

शिंप्याची नात मात्र वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नव्हती. मुलं तिला मौनीबाई म्हणायची. तिने पहिल्यांदा मला टाकलं तेव्हा मासा आला. तिने मला उचलून डोळ्यांसमोर धरलं आणि ती हळूच म्हणाली, "माशाच्या पोटात योनाला अंधाराची भीती वाटली असेल ना, बाई?"

बाईंचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण माशाचा तो एवढासा डोळा, तोही शाईचा. त्यानंतर ती दर रविवारी बोलायची, पण मी हातात असलो तरच.

चांगलं चाललेलं माणसांना बघवत नाही. चर्चच्या कमिटीत चष्म्यांचं दुकान चालवणारे एक पंच होते. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणायचे. लोकांना नजर देणाऱ्या या गृहस्थांना एके दिवशी वर्गात फक्त मी दिसलो, मुलं दिसली नाहीत.

"बाई, वधस्तंभाखाली शिपायांनी प्रभूच्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. आणि तुम्ही देवाच्या घरात लेकरांच्या हाती फासा देता?"

"अहो, त्याच्यावर आकडे नाहीत, चित्रं आहेत."

"सवय लागायला चित्रंही पुरतात."

कमिटीने माना डोलावल्या. माना डोलावण्यात आमच्या कमिटीचा हात कोणी धरणार नाही. माझी रवानगी सभेच्या खोलीतल्या मेणबत्त्यांच्या कपाटात झाली. शेजारच्या वर्गात पुन्हा पाठांतर सुरू झालं. मी कान देऊन ऐकायचो. पोरीचा आवाज त्यात नसायचा, आणि मला फार वाईट वाटायचं.

मग अध्यक्षाची निवडणूक आली. आठ पंच, आणि उमेदवार दोन: चष्मेवाले आणि बेकरीवाले. मतं पडली चार-चार. चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांनी आठवण करून दिली की, प्रेषितांनीही अशा वेळी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पण चिठ्ठ्या कुणालाच नको होत्या, कारण मागच्या वेळी दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच नाव निघालं होतं. शेवटी चष्मेवालेच खाकरून म्हणाले, "तो... कपाटातला ठोकळा आणा बरं."

फाशाचा ठोकळा झाला! अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. या वेळी गाढव मी होतो.

मग माझी वाटणी सुरू झाली. बेकरीवाल्यांनी भाकर आधीच धरून ठेवली, वर दिवा आणि कोकरू घेतलं. चष्मेवाल्यांनी कबुतर आणि तारा उचलला. उरलेला मासा त्यांनी नाक मुरडून पदरात घेतला. मी बाहेर निघाल्याचं कळताच मुलं दारात गोळा झाली. पाळकसाहेबांनी मला टाकलं. मासा!

"देवाची इच्छा!" चष्मेवाले हात जोडून म्हणाले.

"काका, आता गोष्ट सांगा," दारातून आवाज आला. शिंप्याची नात होती. "ज्याचं चित्र येतं त्याने सांगायची असते."

"सांगतो की! मासा म्हणजे... महापूर आला तेव्हा नोहाने तारवात प्रत्येक प्राण्याची जोडी घेतली. त्यात माशांचीही एक जोडी..."

"मासा तारवात कशाला बसेल, काका? त्याला पोहता येतं की!"

सगळी खोली हसली. पाळकसाहेब रुमालाआड हसले. पोरगी मात्र गंभीर होती. तिच्या लेखी नियम तो नियम. "जा काका, रांगेच्या शेवटी," ती म्हणाली.

काका रांगेत गेले नाहीत, ते खुर्चीत बसले. अध्यक्ष म्हणून त्यांचा पहिला हुकूम सुटला, "हा ठोकळा पवित्र आहे. मुलांच्या हाती लागता कामा नये." सकाळपर्यंत मी जुगारी होतो, दुपारी पवित्र झालो. कपाट तेच, कुलूप मात्र नवं, आणि त्याची किल्ली अध्यक्षांच्या खिशात.

तेव्हापासून मी इथेच आहे. काल दुपारी सुतार आजोबांचं खोकणं ऐकू आलं, पाठोपाठ बाईंचा दबका आवाज, "अहो बाबा, कुणी बघेल ना! दुसरं लाकूड घ्या."

"छट्! त्या फाशाला भाऊ सख्खाच हवा," आजोबा म्हणाले. मग थोडा वेळ करवत चालली.

आज उपासनेत अध्यक्षांचा मानाचा बाक सारखा डुगडुगताना ऐकू येत होता. नंतर वर्गात फरशीवरून काहीतरी टणटणत गेलं आणि पोरगी ओरडली, "मासा!"

तेव्हा मला सोडवायची घाई करू नका. एवढंच करा: बाक दुरुस्त करायचा ठरला, तर आजोबांनाच बोलवा. अजून तीन पाय शिल्लक आहेत.